रुमालाखालची बोटं आणि शोरूमचं कोटेशन

दसरा तोंडावर आला की या सदराला गाडीचीच पत्रं जास्त येतात. यंदापण ढीग पडलाय, त्यातली सात घेतलीत. आधीच सांगून टाकतो, मी बारा वर्षं एका शोरूमच्या अकाउंट्सला होतो, कुठल्या ते विचारू नका, त्यामुळं बिल फाडणारा आणि फाडून घेणारा, दोघांची तोंडं बघून झाल्यात.

प्रश्न : सर, पहिलीच गाडी घेतोय, पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी. कोटेशनचा फोटो सोबत पाठवलाय. एकूण ९,७४,२०० होतायत, त्यातनं शोरूम २५ हजार डिस्काउंट वजा करणार. मी अजून पाच मागतोय, सेल्समन म्हणतोय मॅनेजर सरांना विचारून सांगतो. किती ताणायचं? — एक वाचक, उचगाव

भावा, पाच हजार सोड. फोटो मोठा करून बघितला मी, तू चुकीच्या जागी ताणायलायस.

माझे आजोबा मला लहानपणी वडगावच्या जनावरांच्या बाजारात न्यायचे. दोन माणसं हातात हात घ्यायची, वरून टॉवेल टाकायची, आणि आत बोटं दाबून बैलाचा भाव ठरायचा, शेजारी उभारलेल्याला काय कळायचं नाही. पण तिथं निदान घेणाऱ्याचा हात तरी टॉवेलाखाली असायचा. शोरूममध्ये टॉवेल म्हणजे ते कोटेशन, आणि त्याखाली दोन्ही हात त्यांचेच.

तुझा कागद वरून खाली वाचूया. एक्स शोरूम ७,८०,०००. हा आकडा कंपनीचा, इथं डीलरला फार जागा नसते, त्याचं मार्जिन टक्क्यात एक आकडीच असतंय, त्यातनंच एसीपासून वॉचमनपर्यंत सगळं भागवायचं. म्हणून तर तो पुढच्या ओळींत कमवतो, आणि आपण पुढच्या ओळी वाचतच नाही.

आरटीओ ९८,००० लावलेत. आपल्याकडं महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला टॅक्स ११ टक्के, म्हणजे ८५,८००. रजिस्ट्रेशन ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००, वर थोडा सेस. ओढून ताणून ९० हजार धर. मग वरचे आठ हजार कुणाचे? विचारायचं सरळ, आणि म्हणायचं आरटीओला जेवढे भरले त्याची ऑनलाइन पावती द्या, पावतीवर जेवढे तेवढेच मी देणार. हे वाक्य बोललं की निम्म्या वेळा आकडा तिथल्या तिथं बदलतो, बाहेर जाऊन मॅनेजरला विचारावं पण लागत नाही.

इन्शुरन्स ४६,३००. तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १ सप्टेंबर २०१८ पासून, आणि त्याचा दर सरकारी, तुझ्या इंजिनाला १ जून २०२२ च्या दरानं १०,६४०. ह्यात कुणी एक रुपया कमी करू शकत नाही. पण ओन डॅमेजचा जो भाग आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, त्यात डिस्काउंट असतो आणि चांगला असतो. तुझ्या कोटेशनमध्ये तो शून्य धरलाय, मी हिशोब मांडून बघितला. निम्मा जरी सोडला तरी झिरो डेप (पार्टच्या किमतीत घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) धरून, जीएसटी धरून पॉलिसी ३२-३३ हजारांत बसते.

हँडलिंग चार्जेस ६,५००. ही सगळ्यात मजेशीर ओळ. गाडी यार्डातनं शोरूमला आणायचे पैसे म्हणे. अरे मग एक्स शोरूम म्हणजे काय, शोरूमपर्यंत आलेल्या गाडीचीच किंमत की! ह्याला कुठली सरकारी पावती नसते. काढायला सांग, अडले तर दुसरीकडं जा.

नंबरप्लेट १,२००. हाय सिक्युरिटी प्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला कंपनीच देते, तिचे पैसे गाडीच्या किमतीतच आलेत.

इसेन्शियल किट १४,९०० म्हणजे मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, एक परफ्युमची बाटली आणि गाडी पुसायचं फडकं. फडकं खरंच असतंय. हेच सामान बाहेर ॲक्सेसरीजच्या दुकानात निम्म्याच्या आत येतं, आणि तिथं तुला पाहिजे तेवढंच घेता येतं. टेफ्लॉन आणि अँटीरस्ट ९,५००, नव्या गाडीला कंपनीनं गंजरोधक थर आधीच दिलेला असतोय, हे नको म्हण. एक्स्टेंडेड वॉरंटी १७,००० तेवढी मी ठेवीन, पण ती आजच घ्यायची गरज नाही, मूळ वॉरंटी संपायच्या आत घेता येते, कंपनीची अट तेवढी वाचून घे. फास्टॅग ८०० राहू दे, त्यावर डोकं खपवू नको.

आता बेरीज कर. आरटीओचे ८,०००, इन्शुरन्सचे १३,८००, हँडलिंग ६,५००, किट १४,९००, टेफ्लॉन ९,५००, प्लेट १,२००. झाले ५३,९००. तुला डिस्काउंट दिला २५ आणि कागदात लपवले ५४. तुझा भाव ८,९५,००० च्या आसपास आहे, आणि तो २५ हजारांचा डिस्काउंट तसाच ठेवून. "डिस्काउंट किती" हा प्रश्नच विचारू नको, "ऑन रोड शेवटचा आकडा किती, ओळवार लिहून द्या, खाली सही शिक्का" एवढंच म्हण. आणि मॅनेजरला विचारायला तो काचेच्या केबिनमध्ये जातो ना, तिथं बऱ्याचदा काही विचारत नाहीत, पाणी पिऊन येतात. मी बघितलंय.

प्रश्न : दादा, शोरूमवाले म्हणतात इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यायला लागेल, बाहेरून घेतला तर गाडीची वॉरंटी जाते आणि डिलिव्हरीला पण वेळ लागेल. माझी जुनी २०१५ ची गाडी एक्स्चेंजला देणार आहे, तिचे १ लाख ६० हजार म्हणतायत. — एक शिक्षिका, गडहिंग्लज

ताई, वॉरंटीचा आणि इन्शुरन्सचा काही संबंध नाही. वॉरंटी कंपनी देते, इन्शुरन्स विमा कंपनी देते. पॉलिसी कुणाकडून घ्यायची हे तुमचं तुम्ही ठरवायचं, शोरूमला सक्ती करता येत नाही, विमा नियामकाचं तसं बंधन आहे. कॅशलेसचं मात्र खरंच बघून घ्या, म्हणजे तुम्ही घेताय त्या विमा कंपनीचं त्या वर्कशॉपशी टायअप आहे का, नाहीतर उद्या बंपर फुटल्यावर पैसे आधी तुम्ही भरायचे आणि मग क्लेमच्या मागं लागायचं. मी काय करतो सांगू? बाहेरून दोन कोटेशन घेतो, शोरूमच्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो एवढ्यात बसवा, घेतो तुमच्याकडूनच. बसवतात. पण तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सारखी धरा, नव्या गाडीला ती एक्स शोरूमच्या ९५ टक्के असते, काहीजण ती खाली ओढून प्रीमियम स्वस्त दाखवतात.

आता तुमच्या पत्रात तुम्ही जे लिहिलंच नाही ते विचारतो. जुन्या गाडीवर क्लेम घेतलेत का? शिक्षक माणसं गाडी जपून चालवतात म्हणून माझा अंदाज आहे की नसतील. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्के होतो आणि तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं, तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर ती सवलत लागते. शोरूमला हे माहिती असतं, आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आमच्या शेजारच्या काकूंचे असेच सात-आठ हजार गेले, एक पत्र न मागितल्यामुळं.

एक्स्चेंजचं म्हणाल तर १ लाख ६० हजारांत गाडीची किंमत किती आणि एक्स्चेंज बोनस किती ते वेगळं लिहून मागा. बोनस कंपनीकडून येतो. बऱ्याचदा बोनस ३० हजार आणि गाडीचे १ लाख ३० हजार, आणि आपल्याला वाटतं काय भाव दिला गाडीला! बाहेर दोन ठिकाणी दाखवा, गडहिंग्लजमध्ये एक आणि कोल्हापुरात एक. फरक वीस-पंचवीस हजारांच्या वर असेल तर बाहेर विका. आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९, ३० वर सह्या करून देऊ नका ताई, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव घालूनच द्या, नाहीतर गाडी विकून वर्ष झालं तरी ई-चलान तुमच्याच मोबाईलवर यायचं.

प्रश्न : फायनान्सवाला म्हणतो फक्त ५ टक्के व्याज, बँक म्हणते ९. सरळ सरळ चार टक्क्यांचा फरक आहे, तरी वडील बँकेतूनच घे म्हणून हट्ट धरून बसलेत. त्यांना कसं समजवू? — एक वाचक, कागल पंचतारांकित एमआयडीसी

वडिलांना समजवू नको, त्यांच्या पाया पड.

५ टक्के फ्लॅट म्हणजे ६ लाखांवर वर्षाला ३० हजार, पाच वर्षं, दीड लाख व्याज, हप्ता १२,५००. तू तीन वर्षांत निम्मं कर्ज फेडलंस तरी व्याज पहिल्या ६ लाखांवरच चालू. बँकेचे ९ टक्के रिड्यूसिंग म्हणजे जेवढं शिल्लक तेवढ्यावरच, हप्ता बसतो १२,४५५ आणि पाच वर्षांचं व्याज १,४७,३००. बघ, ९ वालं स्वस्त पडलं. आता कर्ज देणाऱ्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाचा सगळा खर्च मांडलेला कागद, द्यावाच लागतो, १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो ज्यात प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरलेलं असतं. दोघांचा एपीआर शेजारी ठेव, भांडण मिटलं.

अजून एक, शोरूममध्ये "महिन्याला किती परवडेल सर?" असं कुणी गोड आवाजात विचारलं की सावध व्हायचं. तेच ६ लाख सात वर्षांवर नेले की हप्ता ९,६५३ वर येतो, २,८०० नी कमी, लय बरं वाटतं, आणि व्याज ६३ हजारांनी वाढतं. तू ज्या टेफ्लॉनला नको म्हणालास ते टेफ्लॉन, किट, हँडलिंग सगळं त्या "परवडणाऱ्या" हप्त्यात परत घुसतंय, कळत पण नाही. आधी गाडीचा ऑन रोड आकडा पक्का, मग कर्जाचं बोलणं, आणि कर्ज काढणार आहे हे आधीच नाकारू पण नको, त्यांना फायनान्समधून कमिशन असतं, तेवढ्या आशेवर ते गाडीच्या भावात जरा ढिले सोडतात.

प्रश्न : पितृपक्षात गाडी बुक केली तर चालेल का? सासूबाई नको म्हणतात पण शोरूमवाले ऑफर चांगली देतायत. — एक गृहिणी, मंगळवार पेठ

वहिनी, धर्माचं मी सांगणार नाही, व्यवहाराचं सांगतो. पितृपक्षात शोरूम रिकामं असतं, सेल्समनला टार्गेट असतंच, त्यामुळं बोलणी करायला यासारखा काळ नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही गेलात तर तुमच्या मागं चाळीस माणसं उभी असतात, तिथं कोण तुमचं ऐकतंय. तर भाव पितृपक्षात लिहून घ्या, पैसे घटस्थापनेनंतर भरा, डिलिव्हरी दसऱ्याला. सासूबाई पण खूश. फक्त नंबर पडल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही असा नियम आहे, म्हणून दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा असेल तर आठ-दहा दिवस आधी टॅक्स भरून झाला पाहिजे, नाहीतर नारळ, लिंबू, हार सगळं तयार आणि एमएच ०९ चा पत्ता नाही.

ऑफर एवढी चांगली का आहे तेवढं मात्र बघा. गाडी कधी बनली ते विचारायचं. फॉर्म २१, म्हणजे सेल सर्टिफिकेट, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, पण तो कागद शेवटी हातात येतो. आधी खात्री करायची तर यार्डात जाऊन गाडी बघा, चेसिस नंबर लिहून घ्या आणि बिलावर तोच येतोय का बघा. टायरवर चार आकडे असतात, ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. टायर गाडीपेक्षा थोडे जुने असू शकतात, पण वर्षभर जुने दिसले तर गाडी उन्हात उभी राहिलेली आहे असं समजा. मागच्या वर्षाची गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त ती विकताना एक वर्ष जुनी धरली जाणार, मग तेवढा भाव आत्ताच कमी करून घ्या.

आणि "जीएसटीचे साठ हजार आम्ही कमी केले" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तो २२ सप्टेंबर २०२५ ला, त्या वर्षीच्या घटस्थापनेलाच कमी झाला, चार मीटरच्या आतल्या १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आता १८ टक्के आहे, पूर्वी सेस धरून २९ होता. ते सरकारनं सोडलेत, शोरूमनं नाही.

प्रश्न : १० लाख ४० हजारांच्या गाडीवर १०,४०० टीसीएस लावलाय, हा पण शोरूमचा डाव का? — एक वाचक, जयसिंगपूर

नाही, हा खरा आहे. टीसीएस म्हणजे विकणाऱ्यानं तुमच्याकडून आधीच गोळा करायचा इन्कम टॅक्स. १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस कायद्यानं घ्यावाच लागतो, आणि तो बुडत नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना टॅक्समध्ये वळता करून घ्या किंवा रिफंड घ्या. पॅन नंबर बरोबर लिहिलाय का तेवढं दोनदा बघा. शेतीचं उत्पन्न म्हणून रिटर्न भरत नसाल तर तेवढ्यासाठी भरा, दहा हजार म्हणजे काही कमी नाहीत.

प्रश्न : सांगली, पुणे, बेळगाव इकडं स्वस्त मिळते म्हणतात. जाऊ का?

सांगली, कराड, पुणे जरूर जा, निदान फोनवर कोटेशन तरी मागवा, महाराष्ट्रात कुठंही घेतली तरी टॅक्स तोच आणि नंबर आपल्या पत्त्याचा घेता येतो. खरा फायदा तिकडून घेण्यात नसतो, तो कागद कोल्हापूरच्या शोरूममध्ये दाखवण्यात असतो. बेळगावला तुमचा राहायचा पत्ता नसेल तर तिकडच्या नंबरचा नाद करू नका. महाराष्ट्राचा टॅक्स शेवटी भरावा लागणारच.

प्रश्न : मला घासाघीस करायला लाज वाटते. समोरचा चहा देतो, कॉफी विचारतो, मुलाला फुगा देतो, मग त्याला "हे काढा ते काढा" कसं म्हणायचं? — एक वाचक, राजारामपुरी

तुमचं पत्र वाचून मला माझीच पहिली गाडी आठवली. शोरूमच्या अकाउंट्सला लागायच्या आधीची गोष्ट. हायवेकडच्या एका शोरूममध्ये आम्ही चौघं गेलो, मी, बायको, आई आणि मेहुणा. मेहुण्याला बोलायला नेलं होतं, तो लय बोलतो म्हणून. त्यानं तिथं पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं, "आमचं फायनल आहे हो, हीच गाडी, हाच कलर, पाडव्याला पाहिजे." झालं. तिथंच सौदा संपला. पुढं दोन तास मी जे बोललो ते नुसती हवा. शेवटी त्यांनी गणपतीची मूर्ती फ्री दिली डॅशबोर्डवर लावायला, आणि डिलिव्हरीच्या दिवशी, आई गाडीला ओवाळत असताना, साडेचार हजारांचं एक जादा बिल हातात ठेवलं. कशाचं म्हणून विचारलं तर "सर ते सिस्टीमला ॲड झालंय." आईच्या हातात ताट, मागं फोटोग्राफर उभा, कोण भांडतंय तिथं? दिले. नोकरीला लागल्यावर कळलं की ते बिल मुद्दाम ओवाळतानाच येतं.

म्हणून लाज वाटणाऱ्या माणसानं तोंडी करायचंच नाही. घरी बसून व्हॉट्सॲपवर करायचं. तीन शोरूमला एकच मेसेज, मॉडेल, व्हेरियंट, रंग, आणि "हँडलिंग, किट, कोटिंग नको, इन्शुरन्स आणि आरटीओ ओळवार, ऑन रोड शेवटचा आकडा लिहून पाठवा." लिहिताना लाज वाटत नाही आणि लेखी पुरावा पण राहतो. तिघांचे आकडे आले की सगळ्यात कमी आकडा ज्याला तुम्ही गाडी घेऊ इच्छिता त्याला पाठवायचा. बस. चहा प्या की निवांत, चहाचे पैसे गाडीत धरलेलेच असतात. आणि समोरच्या सेल्समनवर राग काढू नका, बिचारा पंचवीस-सव्वीस वर्षांचं पोरगं असतंय, पगार थोडा, बाकी सगळं इन्सेंटिव्हवर, त्याला महिनाअखेरीला एक गाडी कमी पडत असेल तर तोच तुमच्यासाठी आत भांडतो. महिन्याच्या २७-२८ तारखेला जावा. त्याला चांगलं बोला, त्याचा नंबर ठेवा, पुढं सर्व्हिसिंगला तोच उपयोगी पडतो.

बुकिंगचे पैसे देताना फक्त पावतीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, कॅन्सल केलं तर किती कापणार ते तिथं असतं. डिलिव्हरीची तारीख आणि ठरलेला ऑन रोड आकडा पावतीवर पेनानं लिहून सही घ्या. तरीपण उद्या आकडा फिरला आणि बुकिंग परत द्यायला टाळाटाळ झाली तर एक मेल टाकायचा, आठ दिवसांची मुदत द्यायची आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवायची, पैसे लागत नाहीत. आणि डिलिव्हरीच्या दिवशी ओवाळायचं ताट गाडीतच ठेवा. आधी शेवटचं बिल हातात घ्या, बेरीज तपासा, मगच आईला खाली बोलवा.